ढोलाच्या आधीची आरोळी

राजधानीहून एक दाढीवाला गृहस्थ मध्यंतरी आमच्याकडे येऊन गेला. आमच्या खोऱ्यात एकेकाळी ‘कारा बुर्कुत’ नावाचा रॉक बँड होता, त्याचा इतिहास त्याला लिहायचा होता म्हणे. कारा बुर्कुत म्हणजे काळा गरुड. बसल्या बसल्या त्याने तळलेल्या कणकेचे बोरसोक अर्धं ताट संपवले, लोण्याची वाटी बोटाने पुसून घेतली आणि माझ्या दिराचा उल्लेख सारखा ‘दंतकथा’ असा केला. दंतकथा त्या वेळी अंगणात दुधाच्या ट्रकखाली झोपली होती. नुसते पाय बाहेर दिसत होते आणि एका मोज्याला भोक होतं.

त्या गृहस्थाला मी काही सांगितलं नाही. तीन बाप्यांच्या बँडला जिने उन्हाळाभर रांधून घातलं, जिचे कान ते गाणं ऐकून किटले, तिच्याकडे त्याने फक्त चहा मागितला. गरुडाची भरारी, डोंगरातली ठिणगी, असलं काहीबाही लिहून तो निघून गेला. ते छापून येईल तेव्हा येवो. खरं काय झालं ते मी लिहिते.

दिराचं नाव मी घेत नाही. आमच्यात सुनेने सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत आले, नवऱ्याला ‘हे’. धाकट्या दिराला मात्र नवं नाव ठेवायचा हक्क वहिनीचा असतो, आणि तो मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात वापरला. घरात लाकडं फोडायची होती, मेंढ्या आत घ्यायच्या होत्या, आणि हा एवढा वाढलेला घोडा खिडकीशी बसून केस विंचरत होता. मी त्याला मिर्झा म्हणाले, म्हणजे जहागीरदारसाहेब. नाव इतकं चपखल बसलं की गावानेही तेच उचललं.

मिर्झाला दोन गोष्टी येत नव्हत्या, काम आणि गाणं. काम त्याला टाळता येत होतं. गाणं आम्हाला टाळता येत नव्हतं.

बँड निघाला तो आमच्या सामुदायिक शेतीच्या चेअरमनच्या जळफळाटातून. शेजारच्या खोऱ्यातल्या सामुदायिक शेतीच्या नाचाच्या पथकाला जिल्ह्यात बक्षीस मिळालं आणि आमच्या चेअरमनची झोप उडाली. मेंढ्यांच्या लशीसाठी तो कधी राजधानीला गेला नव्हता, पण या कामासाठी गेला आणि येताना दोन विजेच्या गिटारी, ड्रमचा संच, माईक आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन आला. क्लबात खोकी उघडल्यावर त्याने विचारलं, हे वाजवणार कोण. कुणाला काही येत नव्हतं. मिर्झा म्हणाला, मी. त्याचे केस मानेपर्यंत आलेले होते. चेअरमनला तेवढी लायकी पुरेशी वाटली.

ड्रमवर शेरगाझी बसला. तो ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा, दिवसभर लोखंड ठोकायचा, त्यामुळे त्याला शिकवण्यासारखं फार नव्हतं. दुसरी गिटार रिस्पेकच्या गळ्यात पडली. हा गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता आणि मोठी गिटार त्याने मागून घेतली, कारण तिला तारा कमी होत्या. असा हा काळा गरुड. तिघांपैकी एकालाही अंगणातली कोंबडी धरता येत नव्हती.

त्यांनी स्वतःचं म्हणून एकच गाणं रचलं. सुरुवातीला सगळी वाद्यं गप्प. मिर्झा मान मागे टाकणार, डोळे मिटणार आणि एक लांबलचक आरोळी ठोकणार, छातीतला वारा संपेपर्यंत. मग एक क्षण शांतता. मग शेरगाझीचा ढोल. मग शब्द. शब्द असे की माझा रस्ता दूर दूर जातो, मला थांबवू नका. आमच्या खोऱ्यात रस्ता एकच आहे आणि तो डेअरीपाशी संपतो. याला कोण थांबवत होतं देव जाणे.

पहिली तालीम शरदात झाली, बटाटे काढायच्या दिवसांत. चेअरमनच्या भाषणांसाठी गावभर खांबांवर भोंगे लावलेले होते. शेरगाझीने क्लबातल्या यंत्राची तार नेमकी त्या भोंग्यांना जोडून ठेवली. मुद्दाम नाही, त्याला मुद्दाम काही जमत नसे. मी ओढ्यावर लोकर धूत होते. एकदम सगळ्या खांबांवरून मिर्झाची आरोळी फुटली.

आता आमच्याकडे कुणी गेलं की मुलगा दारात काठीवर वाकून उभा राहतो आणि हंबरडा फोडतो. तो ज्याच्या कानावर पडेल तो पुरुष हातातलं काम टाकतो, घोड्यावर बसतो आणि दुरूनच टाहो फोडत येतो. बायका कानांतलं काढतात, वेण्या सोडतात, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून सूर धरून रडतात. कोण, कधी, कशाने, असं विचारत कुणी बसत नाही. आवाज मिर्झाचा, म्हणजे गेला तो मिर्झाचा बाप. ढोल नंतर वाजलाच असेल, पण तोवर गाव आपल्याच रडण्याच्या आवाजात बुडालं होतं.

माझ्या हातातली लोकर ओढ्यातून वाहून गेली. मी धावत घरी आले, वेण्या सोडल्या, दारातून शिरले ती सरळ भिंतीकडे तोंड करून बसले आणि सूर धरला. मामंजींचा मोठेपणा सांगितला, त्यांचे घोडे सांगितले, त्यांच्या सावलीत आम्ही कसे वाढलो ते सांगितलं. मला चांगलं जमतं ते, सगळे म्हणतात. मी त्यांच्या दाढीपर्यंत आले होते तेवढ्यात मागून आवाज आला.

“सूनबाई, कोण गेलं गं?”

मामंजी कोपऱ्यात चहाचा वाडगा घेऊन बसले होते.

“तुम्हीच,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार.

“असं होय,” ते म्हणाले. “मग जरा सरकून बस. बाकीच्या बायकांना जागा लागेल.”

तोवर बाहेर टापा वाजायला लागल्या होत्या. सगळ्यांत पुढे कासिमअली. हा आमचा शेजारी, गवताच्या एका पट्ट्यावरून मामंजींशी त्याचं बोलणं बंद होतं. मामंजी ज्या वाटेने जातील ती वाट तो सोडायचा. तो दारात घोड्यावरून जवळजवळ पडलाच आणि मातीत गुडघे टेकून रडायला लागला, “अरे माझ्या भावा, तुझ्याआधी मी का नाही गेलो रे.”

मामंजी दारात येऊन उभे राहिले. “अजून वेळ गेलेली नाही, कासिमअली.”

मयतीला आलेला माणूस उपाशी परत जाऊ शकत नाही. मयत नसली तरी माणसं आली होती. मामंजींनी मेंढी कापायला लावली आणि स्वतः मानाच्या जागेवर बसून कोण आपल्याबद्दल काय बोललं ते प्रत्येकाकडून पुन्हा वदवून घेतलं. नवरदेवासारखे खूश होते. कासिमअलीने गवताचा पट्टा सोडून दिला. मामंजींनी तो घेतला नाही. मग दोघं पुन्हा त्याच्यावरून भांडले, पण आता एकाच ताटात जेवता जेवता.

मिर्झा क्लबातून आला तेव्हा गाव त्याला सोलायला टपलं होतं. ह्यांनी भिंतीवरचा चाबूक काढला.

“ठेव तो,” मामंजी म्हणाले. “आधी विचार, आवाज कुठवर गेला.”

“मी तर वरच्या गवतात होतो,” कासिमअली म्हणाला. “कानाशी ओरडल्यागत वाटलं मला.”

मामंजींनी मिर्झाला समोर बसवलं. “माझा बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो. लढाई चालू होती. गावात धड पुरुष उरला नव्हता. दारात उभा राहून मी नुसता ओरडत होतो, दुपारपर्यंत. एक घोडा आला नाही. मी, एक लंगडा मुल्ला आणि शेजारची म्हातारी, एवढ्यांनी पुरला त्याला.” मग हाड चोखून ताटात टाकलं. “माझ्या वेळी असाच ओरड. भोंगा लाव, यंत्र लाव, काय लावायचं ते लाव. पण टापा आल्या पाहिजेत. मी पडल्या पडल्या ऐकणार आहे.”

“मेल्यावर कसे ऐकाल?” मिर्झाने विचारलं.

“गाढवा, ते माझं मी बघीन. तू तुझं बघ.”

त्या दिवसापासून मामंजी या बँडचे वाली झाले. आम्ही काही बोललो की म्हणायचे, शिकू द्या पोराला, त्याला पुढे काम आहे. मिर्झाला मात्र वाटायचं की बापाला आपलं संगीत कळलं. तो गावातून जाताना खांद्यावरचे केस मागे टाकत चालायला लागला. रिकाम्या शेतातही गिटार गळ्यात असायची, तार कशालाही जोडलेली नसताना. मुली बघतील म्हणून. मुली बघायच्या, आणि मग लोहाराच्या पोराशी लग्न करायच्या.

हिवाळाभर त्यांनी क्लबात तालमी केल्या. वसंतात दोन लग्नांत वाजवलं. एका लग्नात नवरीच्या आजीला घेरी आली, दुसऱ्यात वऱ्हाडाचे घोडे दावी तोडून पळाले. गृहस्थाच्या वहीत या दोन प्रसंगांची नोंद ‘खळबळजनक सुरुवात’ अशी आहे, मी डोकावून पाहिलं.

उन्हाळ्यात आम्ही मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलो. तिकडे तंबू लांब लांब असतात, या उतारावर एक, त्या ओढ्यापलीकडे एक. चेअरमनने बँडला आमच्यामागून पाठवलं, मेंढपाळांचं मनोरंजन करायला. जनरेटर, स्पीकर, सगळं ट्रकमध्ये घालून हे तिघे आले आणि आमच्याच तंबूत राहिले. मनोरंजन त्यांचं, कणीक माझी. सकाळी सगळ्यांच्या घोड्या दुहायच्या वेळी यांची तालीम सुरू व्हायची. घोड्या बिचकायच्या, पान्हा चोरायच्या. मेंढ्या उतारावरून धावायच्या. ओढ्यापलीकडून कासिमअली ओरडायचा, “अरे मिर्झा, लांडग्यांना तरी झोपू दे.”

आणि मग व्हायचं तेच झालं, लोकांना सवय लागली. माणसाला कशाचीही सवय लागते, दातदुखीचीसुद्धा. कुरणावर ते एकच गाणं रोज ऐकून सगळ्यांना पाठ झालं. आरोळी सुरू झाली की पोरं हात उगारून थांबायची आणि नेमकी ढोलाच्या वेळी बादल्या बडवायची. कासिमअलीची बायको आयिमकान तर दूध घुसळताना आरोळी ऐकली की रवी थांबवायची, ढोल पडला की पुन्हा सुरू करायची. आमच्याकडे शहाणी म्हणून जिचं नाव घेतात ती ही बाई.

मामंजी बाहेर खोगिराला टेकून हे सगळं बघायचे. “आता पलीकडच्या खिंडीतही जात असेल,” असं म्हणायचे. मी म्हणायचे, “जात असेल, पण तिथे कुणाला पाहिजे का ते विचारा.”

ते गेले ते अशाच एका सकाळी. मी दिलेला किमिझचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा अर्धा प्यायले, बाकीचा खाली ठेवला, खोगिराला टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. आजारपण नाही, कण्हणं नाही. हे मेंढ्या घेऊन वरच्या बाजूला होते. रिस्पेक जनरेटर घेऊन खाली डेअरीकडे गेला होता, त्याचं तेल संपलं होतं. शेरगाझी ओढ्यापलीकडे कासिमअलीच्या तंबूत, दुधाच्या यंत्राचा सांधा जोडून द्यायला. तंबूत फक्त मी आणि मिर्झा. त्याने बापाला आत निजवलं, पडदा लावला, काठी घेतली आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी वेण्या सोडल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

मिर्झाने हंबरडा फोडला. यंत्र नाही, भोंगा नाही, पण गळा तापलेला होता, वर्षभर त्याने दुसरं केलं काय होतं. उतारावरून आवाज गेला आणि समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

कुणी आलं नाही.

त्याने पुन्हा हंबरडा फोडला. मी आत माझं रडगाणं थांबवून कान दिला. टापा नाहीत. लांब कुठेतरी एका पोराने बादली बडवली. मग ओढ्यापलीकडून कासिमअलीचा आवाज आला, मजेत, “अरे आज यंत्राला काय झालं रे?”

तेव्हा काय झालंय ते मला कळलं. सगळी कुरणं ऐकत होती आणि कुणी उठत नव्हतं. मिर्झा ओरडतोय, रोज ओरडतो. मी बाई, मला आतून उठता येत नव्हतं. त्याला दारातून हलता येत नव्हतं, मुलाने दार सोडायचं नसतं. आणि मामंजी पडद्यामागे पडले होते आणि ऐकणार होते. मी त्या मूर्खाला त्या क्षणी किती शिव्या दिल्या असतील त्याला गणती नाही. या माणसाने रोज उठून आपल्याच बापाच्या मयतीचा बोभाटा केला होता, आणि आता खरी मयत त्याच्या गाण्याखाली दडपून गेली होती.

तो ओरडत राहिला. आरोळी, मग शांतता. आरोळी, मग शांतता. आवाज फाटायला लागला. शेवटी शेवटी तर नुसता वारा येत होता, चाळणीतून आल्यासारखा.

पलीकडे काय झालं ते मला नंतर आयिमकानने सांगितलं. ती घुसळत होती. आरोळी ऐकून सवयीने रवी थांबवली आणि ढोलाची वाट बघत बसली. ढोल पडेना. पुन्हा आरोळी आली, पुन्हा ढोल नाही. तिचं दूध फुटायला लागलं. शेवटी ती शेरगाझीवर चिडली, “अरे वाजव की एकदाचा. माझा हात अडकलाय.”

शेरगाझी खाली मान घालून सांधा जोडत होता. “मी काय वाजवू? मी तर इथे बसलोय.”

“मग तो कुणासाठी थांबतोय?”

शेरगाझीने मान वर केली. तेवढ्यात पुन्हा आरोळी आली, आणि पुन्हा त्याच्या ढोलाची जागा रिकामी गेली. वेल्डिंगवाल्याच्या डोक्यात गोष्टी उशिरा शिरतात, पण शिरल्या की बसतात. मिर्झा गळा जपण्यासाठी तालमीत ती आरोळी एकदाच ठोकायचा. शेरगाझीने हातातलं तापलेलं लोखंड तिथेच टाकलं, आयिमकानच्या जमिनीवरच्या लोकरी नमद्याला भोक पडलं ते अजून आहे, आणि कासिमअलीचा घोडा सोडून त्यावर खोगिराविनाच बसला. वाटेतल्या प्रत्येक तंबूपुढे तो टाहो फोडत गेला. कासिमअलीला घोडा उरला नाही. तो ओढ्यातून पायी धावत आला.

लोक आता सांगतात की पहिल्या टापा नेमक्या ढोलाच्या जागी पडल्या. लोकांचं काय, ते त्या घोड्यावर नव्हते आणि आतही नव्हते. मी आत होते. मला एवढंच कळलं की एक घोडा आला, मग दुसरा, मग मोजदाद राहिली नाही, जमीन खालून हलत होती. मी पडद्याकडे तोंड वळवलं, वळवायचं नसतं तरी, आणि मामंजींना म्हणाले, “आले बरं का.” मग जे रडले ते खरं रडले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खिंडींपलीकडची माणसं पोचली. मिर्झाच्या गळ्यातून आवाज उरला नव्हता. तो काठीवर वाकून तोंड उघडायचा आणि त्याच्यासाठी दोन्ही बाजूंना उभे राहून शेरगाझी आणि रिस्पेक ओरडायचे. कासिमअली मातीत बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, यंत्राबद्दल विचारलं म्हणून. मामंजींचं सगळं रीतसर झालं. तेवढं मिर्झाने केलं, ते मी नाकारत नाही. उशिरा केलं, पण केलं.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात वाद्याला हात लागणार नव्हता. त्या बँडचं आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, त्यातलं एक असं सुतकात गेलं. गिटारी क्लबात पडून होत्या. रिस्पेकच्या गिटारीच्या खोक्यात मांजर व्याली. मिर्झाने केस कापले, लाकडं फोडली, ट्रक चालवायला शिकला. मला वाटलं, चला, डोक्यातला वारा गेला. वर्षश्राद्धाचं जेवण झालं, घोडा कापला, शर्यती झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन दारात. शरदात जिल्ह्याला स्पर्धा आहे, शेजारच्या खोऱ्याचे नाचे येणार आहेत, गरुडाने उठायला पाहिजे.

मिर्झा लगेच हो म्हणाला नाही. रात्रीच्या जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसला. “वहिनी, ते गाणं म्हणू का?”

“मला काय विचारतोस? मी कधी म्हण म्हणाले होते?”

“बाबांना आवडायचं ते.”

“त्यांना गाणं नव्हतं आवडत. त्यांना आवाज आवडायचा.”

“तेच ते,” मिर्झा म्हणाला. त्याचं डोकं नेहमी असंच चालतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला पुढचं टोचून बोलता आलं नाही. त्याला ते गाणं परत हवं होतं, एवढं मला दिसलं. आयुष्यात त्याने स्वतः केलेली तेवढी एकच वस्तू होती.

स्पर्धेला अख्खं खोरं ट्रकमध्ये भरून गेलं. पुढच्या रांगा आमच्याच होत्या. कासिमअली नवी टोपी घालून मधोमध, बाजूला आयिमकान, मी, हे. मंचासमोर टेबलामागे राजधानीहून आलेले परीक्षक, त्यांच्यापुढे पाण्याचे पेले. शेजारच्या खोऱ्याचे नाचून गेले, चांगलं नाचले, चेअरमनने दात खाल्ले. मग आमचे तिघे आले. मिर्झाला चेअरमनने लाल सदरा शिवून दिला होता. तो माईकपाशी उभा राहिला, मान मागे टाकली, डोळे मिटले आणि आरोळी ठोकली.

त्या दिवशी ती जितकी चांगली आली तितकी कधीच आली नसेल. यंत्र जागेवर, तारा जागेवर, छप्पर उचललं जाईल असा आवाज.

कासिमअली उठला. त्याला कुणी उठवलं नाही. हात कमरेच्या पट्ट्यावर गेले, शरीर पुढे वाकलं, आणि त्याने टाहो फोडला, “अरे माझ्या भावा रे.” त्याच्यामागे आमची सगळी रांग उठली. माझे हात माझ्याच कानांतल्या डुलांवर गेलेले मला दिसले. आयिमकानने सूर धरला. मागच्या रांगांतले लोक आमचे कोणी नव्हते, मामंजी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण हंबरडा ऐकून बसून राहतील ती आमच्या मुलखातली माणसं कसली. तेही उठले. प्रत्येकाला आपापला मेलेला आठवला असणार. शेजारच्या खोऱ्याचे नाचे झगमगत्या कपड्यांत पडद्याच्या कडेला उभे राहून ढसाढसा रडत होते. दाराबाहेर कुणाचा तरी घोडा खिंकाळला.

शेरगाझीच्या काठ्या वर हवेत होत्या. त्या खाली आल्याच नाहीत. ढोलाची जागा आली आणि रिकामी गेली, आणि मिर्झाने डोळे उघडले.

तो समोर बघत राहिला. आम्हा सगळ्यांकडे. मग त्याने गिटार गळ्यातून काढली, हळूच खाली ठेवली, मंचाच्या कडेला आला आणि आमच्याकडे तोंड करून, काठी नव्हती म्हणून माईकच्या दांड्यावर वाकून, मुलाने उभं राहायचं तसा उभा राहिला.

परीक्षकांना वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे. राजधानीत वाढलेली माणसं ती. त्यांच्यातली एक बाई तर टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होती. प्रेक्षकांना प्रयोगात सामील करून घेतल्याबद्दल कारा बुर्कुतला खास बक्षीस मिळालं, काचेची एक फुलदाणी. चेअरमन ती डोक्यावर धरून नाचायचा बाकी होता. दाढीवाला गृहस्थ याला ‘बँडच्या कारकिर्दीचं शिखर’ म्हणतो. त्याला कुणी सांगितलं नाही की गाण्यातला एक शब्दसुद्धा त्या दिवशी म्हटला गेला नव्हता.

परतताना ट्रकच्या मागच्या बाजूला आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कासिमअलीने दोनदा माफी मागितली, “मी नाही रे उठलो, पाय उठले,” आणि दोन्ही वेळा मिर्झाने त्याचा गुडघा थोपटला. फुलदाणी माझ्या मांडीवर होती, ती माझ्याकडे का दिली होती कुणास ठाऊक. घाट सुरू झाला तसा वारा वाढला. मिर्झा सरकत सरकत माझ्याशेजारी येऊन बसला.

“वहिनी,” तो म्हणाला, “एकदा तालमीत, एकदा खरं, एकदा आज. बाबांना अजून किती वेळा पुरायचं?”

त्याच्या गाण्यावर मी आजवर इतकं तोंडसुख घेतलं होतं, आणि आता ते गाणं गेलं तर मलाच ते हवंसं वाटायला लागलं. पण तसं त्याला सांगणारी मी नव्हे.

“पुरे झालं आता,” मी म्हणाले. “कान झाक. वारा बोचरा आहे.”

त्याने टोपीचे कान खाली ओढले आणि घर येईपर्यंत तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने लाल सदरा चेअरमनला परत नेऊन दिला आणि डेअरीचा ट्रक चालवायला घेतला.